लेडी कॅडेट नंबर एक

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला 'सैन्यातील स्त्री' या विषयावर बोलावे असे चिटणीसबाईंनी मला कळविले, तेव्हा त्याबरोबर एक अटही घातली. "झाशीच्या राणीपासून सुरुवात करू नका. मागे तीन वक्त्यांनी तिथूनच केली, आणि तिघींनाही तिथून पुढे यायला वेळ उरला नाही." अट मला मान्य आहे. तेव्हा राणीसाहेबांना मनोमन नमस्कार करून मी एकदम १९९२ सालावर येते.

ज्या बाईंविषयी मी आज बोलणार आहे त्यांचे नाव मेजर प्रिया झिंगन. आपल्यापैकी फार थोड्याजणींनी हे नाव ऐकले असेल. मी स्वतःही ते उशिराच ऐकले. त्यांच्या नावावर कोणती लढाई नाही, आणि सैन्यातली त्यांची नोकरी झाली ती अवघी दहा वर्षांची. ती दहाच वर्षांची का झाली, तेच मला आज सांगायचे आहे.

प्रिया ही सिमल्याची मुलगी. वडील पोलीस अधिकारी. त्यामुळे लहानपणी तिलाही पोलिसातच जायचे होते. पुढे मन सैन्याकडे वळले. (तेव्हा ती मुलगीच होती म्हणून मी 'ती' म्हणते, खांद्यावर तारे लागले की 'त्या' म्हणेन.) कायद्याचे शिक्षण घेतलेली ही मुलगी वर्तमानपत्रांत सैन्यभरतीच्या जाहिराती पाही, आणि त्या सगळ्या पुरुषांसाठीच असत. आपण असतो तर दोन दिवस हळहळलो असतो आणि तिसऱ्या दिवशी बँकेचा अर्ज भरला असता. हिने सरळ लष्करप्रमुखांना पत्र लिहिले. त्या वेळी जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज लष्करप्रमुख होते. मुलींना सैन्यात का घेत नाही, असे तिने विचारले. आणि नवल असे की उत्तर आले. एकदोन वर्षांत स्त्रियांना घेण्याचा विचार आहे, असे त्यात होते. तिने ते पत्र जपून ठेवले आणि वाट पाहिली.

या एका पत्रामुळेच सैन्याचे दार उघडले असे काहीजण लिहितात. मला तसे म्हणवत नाही. एका अर्जाने सरकार हलत असते तर आपल्या मंडळाच्या कपाटात अर्जांच्या नकलांची एवढी चळत साठली नसती. विचार वरच्या पातळीवर आधीच चालू असला पाहिजे. पण दार उघडेल तेव्हा उंबरठ्यावर कोणीतरी उभे असावे लागते, आणि ती मुलगी तिथे उभी होती, एवढे खरे.

आता कुणी विचारील, सैन्यात बायका त्याआधी नव्हत्या काय? होत्या. लष्करी इस्पितळांतल्या परिचारिका होत्या, डॉक्टर होत्या. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली 'विमेन्स ऑक्झिलियरी कोअर' नावाचे दल निघाले. टंकलेखन, दूरध्वनी असली कामे हजारो स्त्रियांनी त्यात केली, आणि युद्ध संपल्यावर ते दल मोडले. १९४३ साली सिंगापुरात नेताजींच्या आझाद हिंद सेनेत कॅप्टन लक्ष्मींची झाशी राणी पलटण उभी राहिली. (चिटणीसबाई, नाव आले खरे, पण ते पलटणीचे आहे!) मात्र स्वतंत्र भारताच्या सेनेचा जो कायदा १९५० साली झाला, त्याच्या बाराव्या कलमाने मूळ नियम असा घातला की स्त्री सैन्यात घेण्यास पात्र नाही, सरकार ज्या खात्यांपुरती अधिसूचना काढील तेवढ्यांपुरतीच ती पात्र. म्हणजे घर बंद, आणि ज्या खोलीची किल्ली मालक देईल तेवढीच खोली उघडी. बेचाळीस वर्षे हीच स्थिती राहिली.

३० जानेवारी १९९२ रोजी सरकारने पाच खोल्यांच्या किल्ल्या दिल्या: लष्करी टपाल खाते, कायदा विभाग, शिक्षण विभाग, दारूगोळा व सामग्रीचा विभाग, आणि रसद खाते. यांतल्या शेवटच्या दोन खोल्याही पूर्ण उघडल्या नव्हत्या. रसद खात्यात स्त्रियांना प्रवेश होता तो अन्नशास्त्रज्ञ आणि खानपान व्यवस्थेच्या अधिकारी म्हणून. हे वाचताना मला हसू आले. सैन्याने बाईला घ्यायचे ठरविले आणि पहिल्याच यादीत तिला कोठीघराशी नेऊन उभे केले! पण त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, आणखी पाच खात्यांची अधिसूचना निघाली, हेही सांगितले पाहिजे. त्यात सिग्नल्स, इंजिनियर्स, गुप्तवार्ता अशी भारदस्त नावे आहेत.

जाहिरात आली, प्रियाने अर्ज केला, निवड झाली. २१ सप्टेंबर १९९२ रोजी मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या, ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत पंचवीस मुली दाखल झाल्या. हजेरीपटावर पहिला क्रमांक तिचा. लेडी कॅडेट नंबर एक.

त्या अकादमीत तोवर मुलगी शिकलेली नव्हती. मैदाने तीच, शिक्षक तेच, आणि 'बाईमाणूस आहे, जरा सांभाळून घ्या' असे म्हणणारे कोणी नाही. आपल्या मुलींना आपण दहावीनंतर घराबाहेर उड्या मारू देत नाही. या पंचवीसजणींना पाठीवर ओझे आणि हातात रायफल देऊन पळविले. हे प्रशिक्षण चोवीस आठवड्यांचे होते. पुढे २००६ मध्ये धोरण बदलले तेव्हा स्त्रियांचे प्रशिक्षण एकोणपन्नास आठवड्यांचे झाले. पहिल्या तुकड्यांना निम्मेच शिकविले, हे मला खटकते. कमी शिकविणे ही सवलत वाटते, पण उद्या 'यांचे शिक्षणच अपुरे' असे म्हणायला तीच जागा उरते. शाळेत चाळीस वर्षे काढलेल्या बाईचे हे मत आहे, त्याला तेवढीच किंमत द्यावी.

६ मार्च १९९३ रोजी दीक्षान्त संचलन झाले आणि त्या अधिकारी झाल्या. आता 'त्या'.

त्यांनी मागितले होते पायदळ. पायदळ म्हणजे बंदूक घेऊन आघाडीवर लढणारे दल, सगळ्या सैन्याचा कणा. ते नाकारले. त्या पाच खात्यांत पायदळ नव्हतेच. कायद्याच्या पदवीधर म्हणून त्यांना लष्करी कायदा विभाग मिळाला, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'जॅग' म्हणतात. हे काम काय असते ते सांगते, कारण चित्रपटांनी आपली समजूत फार बिघडविली आहे. सैनिकाच्या हातून गुन्हा घडला की कोर्ट मार्शल बसते. निवाडा करणारे असतात अधिकारीच. ते सैन्यातले जाणकार असतात, वकील नव्हेत. म्हणून मोठ्या, म्हणजे जनरल कोर्ट मार्शलला जज अ‍ॅडव्होकेट हजर असलाच पाहिजे असा कायदा आहे. पुरावा कोणता घ्यावा, कोणता घेऊ नये, कलम काय म्हणते, हे तो न्यायासनावर बसलेल्या अधिकाऱ्यांना समजावून सांगतो. समोर आरोपी म्हणून उभा असतो एखादा जवान, कधी एखादा अधिकारी. त्याची नोकरी, अब्रू, कधी स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. तेथे बोललेला चुकीचा शब्द कुणाचे तरी घर बुडवू शकतो. झिंगनबाईंनी हे काम केले. रणांगण मागितले होते आणि न्यायालय मिळाले. पण ते हलके काम होते असे कुणी समजू नये.

आणि दहा वर्षांनी मेजरच्या हुद्द्यावर त्या घरी आल्या. आजारपण नाही, राजीनामा नाही, ठपका नाही. मुदत संपली. पुढे सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये त्या शिक्षिका झाल्या.

ही मुदत समजून घेण्यासारखी आहे. १९९२ च्या योजनेत स्त्रियांना प्रथम पाच वर्षांसाठी घेत. पाचाची दहा झाली, मग २००६ च्या धोरणाने जास्तीत जास्त चौदा. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन मिळायला वीस वर्षांची सेवा लागते. म्हणजे मुदत अशा ठिकाणी संपे की हाती निवृत्तिवेतनही नाही आणि दुसरीकडे नव्याने उभे राहण्याचे वयही उरलेले नाही. अल्प मुदतीवर पुरुषही घेतले जातच. पण मुदत भरत आली की 'मला कायम करा' असा अर्ज करण्याची वाट पुरुषाला होती. स्त्रीला ती वाटच नव्हती. ती नापास होई असे नव्हे, तिला परीक्षेलाच बसता येत नसे.

मैत्रिणींनो, हे वाचताना मला माझे स्वतःचे दिवस आठवले. १९७१ साली मी शिक्षिका म्हणून लागले. गावाचे नाव घेत नाही, शाळेचेही नाही. जूनमध्ये नेमणूक आणि एप्रिलअखेर हातात सेवासमाप्तीचे पत्र. मे महिन्याचा पगार नाही. पुन्हा जूनमध्ये बोलावणे, पुन्हा नवी नेमणूक. असे पाच वर्षे चालले. दर जूनला मी नवी बाई! माझ्याबरोबर लागलेले एक सर दुसऱ्याच वर्षी कायम झाले. मी विचारले तर उत्तर मिळाले, "त्यांच्यावर घर चालते." माझ्यावरही चालत होते, सासरे अंथरुणाला खिळलेले होते. पण ते विचारले कुणी? निवृत्तीच्या वेळी सेवेचा हिशेब झाला तेव्हा ती पाच वर्षे त्यात नव्हती. मी शिकविलेली मुले होती, वर्षे नव्हती. तेव्हा झिंगनबाईंची दहा वर्षे मला परकी वाटत नाहीत.

याच्या उलट उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. माधुरी कानिटकर १९८२ साली सैन्यात दाखल झाल्या. डॉक्टर स्त्रियांना कायम सेवेची वाट आधीपासूनच मोकळी होती. बालरोग हा त्यांचा विषय, त्यातही मुलांच्या मूत्रपिंडाचे विकार. त्या पायरी-पायरीने चढत गेल्या, आपल्याच महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या, आणि २९ फेब्रुवारी २०२० रोजी लेफ्टनंट जनरल झाल्या. पतीही लेफ्टनंट जनरल, पत्नीही. त्याआधी २००४ मध्ये डॉ. पुनीता अरोरा त्या हुद्द्यावर पोचलेल्या होत्या; भारतीय सेनादलांतल्या पहिल्याच. आता पाहा, गणवेश एक, देश एक, दोन्हीकडे बाईच. एकीची वाट दहा वर्षांवर भिंतीला भिडली, दुसरीची अडतीस वर्षे चालत राहिली. बुद्धीत किंवा कष्टांत कमी-अधिक होते म्हणून नव्हे. एकीच्या वाटेवर भिंत बांधलेली होती आणि दुसरीच्या नव्हती, एवढाच फरक.

ती भिंत पाडण्याचे काम न्यायालयात झाले, आणि त्याला सतरा वर्षे लागली. २००३ मध्ये बबिता पुनिया या वकीलबाईंनी दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. मग सेवेतल्या स्त्री-अधिकारी त्यात आल्या. २००८ साली सरकारने कायदा आणि शिक्षण या दोनच विभागांत, तेही पुढे येणाऱ्या मुलींपुरते, कायम कमिशन देऊ केले. मार्च २०१० मध्ये उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. सरकार वर गेले. आणखी दहा वर्षे. शेवटी १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती रस्तोगी यांनी सर्वोच्च न्यायालयात निकाल दिला की स्त्री-अधिकाऱ्यांना कायम कमिशनची आणि अधिकारपदांची संधी दिलीच पाहिजे. डॉ. कानिटकरांच्या बढतीच्या बरोबर बारा दिवस आधी.

सरकारने त्या खटल्यात जी कारणे मांडली त्यातले एक आपण सगळ्याजणींनी ऐकण्यासारखे आहे. शरीरबळ, बाळंतपण, संसार ही तर नेहमीचीच. पण शिवाय असे सांगण्यात आले की जवान बहुतेक खेड्यांतून आलेले असतात, आणि स्त्रीचा हुकूम मानण्याची त्यांच्या मनाची तयारी नसते. ज्या विद्वानाने हे लिहिले त्याने खेड्यातली सासू पाहिलेली दिसत नाही! मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे घरोघरी माणसे फौजेत. नवरा सीमेवर, आणि शेत, गुरे, म्हातारी माणसे, सोसायटीचे कर्ज हे सारे बाईच्या हुकुमावर. त्या आज्ञेखाली वाढलेली पोरेच पुढे जवान होतात. न्यायालयाने अर्थात याहून सभ्य भाषेत सांगितले. पण सांगितले हेच, की या समजुती आहेत, कारणे नव्हेत.

निकालपत्रात स्त्री-अधिकाऱ्यांच्या कामगिरीची यादीच दिली आहे. त्यात लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी आहेत, २०१६ साली पुण्याला अठरा देशांच्या सैन्यांचा सराव झाला त्यात भारताच्या तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या. त्याच कुरेशीबाई मे २०२५ मध्ये, कर्नलच्या हुद्द्यावर, 'ऑपरेशन सिंदूर'ची माहिती देताना आपण दूरदर्शनवर पाहिल्या. त्या यादीत शिक्षण विभागाच्या मेजर मिताली मधुमिताही आहेत. २०१० मध्ये काबूलला आपल्या माणसांवर हल्ला झाला तेव्हा त्यांनी केलेल्या कामाबद्दल त्यांना सेना पदक मिळाले.

निकालाने सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. कायम करण्यासाठी निकष लावले ते असे की चाळिशी-पन्नाशीच्या बाईने पंचविशी-तिशीच्या पुरुषाच्या शरीरमानाला उतरावे. कारण पुरुषांची ती तपासणी त्यांच्या तरुणपणी झालेली, आणि हिची होतच नव्हती. पुन्हा न्यायालय, पुन्हा निकाल, मार्च २०२१. आणि ज्या आधीच मुदत संपून घरी गेल्या होत्या, त्या पहिल्या तुकडीतल्या मेजर झिंगनांसारख्यांना या निकालांतून काय मिळाले? निकाल मुख्यतः त्या वेळी सेवेत असलेल्यांसाठी होता. ज्यांच्या वर्षांवर हा खटला उभा राहिला त्यांच्या पदरात तो पडला नाही.

एका गोष्टीने मात्र मला फार बरे वाटले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेला २०२१ मध्ये न्यायालयाच्या हुकुमाने मुली बसल्या, २०२२ मध्ये प्रबोधिनीत दाखल झाल्या, आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या सतरा मुली तेथून बाहेर पडल्या. तीन वर्षे, मुलांबरोबर, पुरे शिक्षण. चोवीस आठवडे नव्हेत. तोफखान्यातही २०२३ पासून स्त्री-अधिकारी आल्या. पायदळ मात्र त्या सतराजणींनाही मिळू शकत नव्हते. १९९३ साली झिंगनबाईंनी जे मागितले होते ते अजून मागायचेच होते.

चिटणीसबाई घड्याळाकडे पाहू लागल्या आहेत, तेव्हा शेवटचे आणि माझ्या दृष्टीने मुख्य बोलते. आपल्या भागातल्या चार मुली या परीक्षेला बसणार आहेत. दोघींच्या घरी अजून सांगितलेलेही नाही, म्हणून मी नावे घेत नाही. ही परीक्षा वर्षातून दोनदा असते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. गणिताला तीनशे गुण, सामान्य क्षमतेला सहाशे, आणि त्यातून पार पडलेल्यांची मुलाखत नऊशे गुणांची. मुलांसाठी शिकवण्या आहेत, त्यांची फी मी विचारून आले. ती या चौघींपैकी एकीच्याही घराला झेपणारी नाही. गणित मी शिकवीन. हात थरथरतो, पण फळ्यावरचे अजून वाचता येते. इंग्रजीसाठी आपल्यातल्याच एका बाईंनी होकार दिला आहे. आता प्रश्न जागेचा आहे.

मंडळाची ही खोली सकाळी सहा ते आठ रिकामी असते. भजनी वर्ग नऊला सुरू होतो, शिवणवर्ग दुपारी. ती दोन तासांसाठी जूनपासून मिळावी, आणि विजेचे बिल जे काय वाढेल ते वर्गणीतून द्यावे, असा ठराव मी आज मांडते. दर एप्रिलला बंद करून जूनला नव्याने अर्ज करावा लागेल, असे कृपा करून त्यात घालू नये. अनुमोदन कोण देते?